खड्ड्याचे शास्त्र आणि शंभर किलोमीटरचा हिशोब

सुट्टीत भारतातून पाहुणे आले की शेख झायेद रोडवर गाडी चढल्यापासून पाच मिनिटांत एक वाक्य हमखास ऐकू येते: "रस्ते बघा यांचे, आणि आपले बघा!" त्यावर गाडीतले कोणीतरी "पैसा आहे हो यांच्याकडे" म्हणते, दुसरे कोणीतरी "आपल्याकडे खातात" म्हणते, आणि विषय संपतो.

दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण ती अर्धी उत्तरे आहेत. पैसा भरपूर असला तरी पाणी, ऊन आणि ट्रक आपले काम करतच राहतात, आणि पैसा कमी असला तरी तो कुठे आणि कधी खर्च करायचा याचे शास्त्र आहे. ते गेल्या साठ-सत्तर वर्षांत चांगलेच पक्के झालेले आहे. आपल्यापैकी बरेच जण इथे बांधकाम, वाहतूक किंवा तेल क्षेत्रात काम करतात आणि गावाकडच्या रस्त्याची काळजीही करतात. म्हणून या लेखात दोन्हीकडची उदाहरणे एकत्र घेऊ.

रस्ता म्हणजे डांबर नव्हे

रस्त्याचा वरचा काळा थर आपल्याला दिसतो, म्हणून तोच रस्ता वाटतो. प्रत्यक्षात भार पेलतात ते खालचे थर. सगळ्यात खाली मूळ माती, तिच्यावर दाबून बसवलेला मुरूम, मग खडीचे थर आणि शेवटी डांबरमिश्रित खडी. चाकाचा भार वरून खाली जाताना तो पसरत जातो. वर तळहाताएवढ्या जागेवर पडलेला भार मातीपर्यंत पोहोचेपर्यंत मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो आणि म्हणून मऊ मातीलाही तो सोसवतो.

आपल्या ग्रामीण रस्त्यांवर वरचा थर बहुधा फक्त २० मिलिमीटर जाडीचा असतो. ठेकेदाराच्या भाषेत ते 'कारपेट' आणि त्यावर 'सीलकोट'. एवढ्या पातळ थरात भार पेलण्याची ताकद जवळजवळ नसते. त्याचे मुख्य काम छत्रीचे, म्हणजे खालची खडी आणि माती कोरडी ठेवण्याचे. छत्रीला एक भोक पडले की पुढचे सगळे पाणी करते.

कसे, ते पाहू. चाक जाते तेव्हा रस्ता किंचित वाकतो आणि परत सरळ होतो. लाखो वेळा वाकल्यावर डांबरी थराला बारीक भेगा पडतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच हे. भेगांतून पाणी खाली जाते. खालचा मुरूम भिजला की त्याची ताकद घटते, रस्ता आणखी वाकतो, भेगांचे जाळे मगरीच्या पाठीसारखे दिसू लागते. मग प्रत्येक चाक भेगेतल्या पाण्याला दाबते, ते पाणी खालची माती ढवळून वर आणते, आतून पोकळी होते आणि एक दिवस वरचा तुकडा निखळतो. तो खड्डा. म्हणजे खड्डा दिसतो तेव्हा त्याचे बहुतेक काम आधीच आटोपलेले असते. त्यात नुसती खडी-माती टाकणे म्हणजे भिंतीतली ओल तशीच ठेवून वरून रंग देणे.

पहिला शत्रू: पाणी

१६ एप्रिल २०२४ आपल्यापैकी कोणीच विसरणार नाही. अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत मोठा पाऊस त्या वेळी पडला. अल ऐन भागातल्या खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अत्यंत चांगल्या दर्जाचे रस्ते पाण्याखाली गेले, कारण दर्जा रस्त्याचा होता, पाणी जाण्याची वाट त्या मापाची नव्हती. त्यानंतर दुबईने 'तसरीफ' नावाचा ३० अब्ज दिरहमचा पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा प्रकल्प जाहीर केला. तो २०३३ पर्यंत पूर्ण करायचा आहे. श्रीमंत शहरालाही शेवटी गटारांवरच खर्च करावा लागतो, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

आपल्या तालुक्याकडे ३० अब्ज दिरहम नाहीत. पण छोट्या रस्त्यावरचा निचरा फार महाग नसतो. एकेरी ग्रामीण रस्ता ३.७५ मीटर रुंद असतो. मध्यापासून कडेपर्यंत अडीच टक्के उतार द्यायचा तर मधला भाग कडेपेक्षा फक्त पावणेपाच सेंटिमीटर उंच हवा. एवढ्याशा फुगवट्यामुळे पाणी कडेला जाते. पुढे साइडपट्टीने ते चरात सोडले पाहिजे आणि चराने ते ओढ्यात नेले पाहिजे.

आता गावी गेल्यावर नीट पाहा. साइडपट्टीवर वर्षानुवर्षे माती आणि गवत साचून ती डांबरापेक्षा उंच झालेली असते. शेजारच्या शेतकऱ्याने बांध सरकवून चर बुजवलेला असतो. मोरीच्या तोंडाशी प्लॅस्टिक अडकलेले असते. रस्त्यावरचे पाणी जाणार कुठे? ते रस्त्यावरच बसते आणि भेग शोधते. फावडे, घमेले आणि दोन माणसांचे दोन दिवस एवढ्यात सुटणारा हा प्रश्न आपण पाच वर्षांनी जेसीबी, रोलर आणि डांबराचे टँकर आणून सोडवतो. नखाने होणारे काम कुऱ्हाडीवर नेणे म्हणतात ते हेच.

पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्यात 'मैल कामगार' असत. रस्त्याचा ठरावीक टप्पा त्यांच्याकडे असे. चर साफ करणे, साइडपट्टी छाटणे, छोटा खड्डा लगेच भरणे, झाडांना आळे करणे, हे त्यांचे रोजचे काम. त्यात कसलेही उच्च तंत्रज्ञान नव्हते. पण भेग पडल्यापासून ती कोणाच्या तरी नजरेस पडेपर्यंतचा वेळ कमी होता, आणि रस्त्याच्या बाबतीत तोच वेळ सर्वांत मोलाचा आहे.

जिथे पूल परवडत नाही तिथे काय करायचे याचे एक उत्तर दोन्ही देशांत सारखेच निघाले आहे. हत्ता किंवा फुजैराच्या डोंगरात वादी ओलांडताना रस्ता मुद्दाम खाली उतरवून काँक्रीटचा केलेला दिसतो. पूर आला की पाणी त्यावरून जाते, ओसरले की वाहतूक सुरू. आपल्याकडचा 'फरशी पूल' तोच. तो पुलापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. अट एकच: पाणी वाहत असताना कोणी त्यात गाडी घालायची नाही. इथे पूर आलेल्या वादीत गाडी घातल्यास २,००० दिरहम दंड आणि २३ काळे पॉइंट आहेत. आपल्याकडे दरवर्षी फरशीवरून वाहने वाहून गेल्याच्या बातम्या येतात. स्वस्त रचना निवडली की तिच्यासोबत शिस्तही घ्यावी लागते.

दुसरा शत्रू: वजन

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ एक प्रचंड प्रयोग झाला. वेगवेगळ्या जाडीचे रस्त्यांचे तुकडे वर्तुळाकार मार्गांवर बांधले आणि लष्कराच्या चालकांनी ठरावीक वजनाचे ट्रक त्यांवरून दोन वर्षे फिरवले. आसांच्या अकरा लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या. त्यातून निघालेला ठोकताळा आजही जगभर वापरतात: रस्त्याचे नुकसान आसावरच्या वजनाच्या चौथ्या घातात वाढते. नेमका घात रस्त्याच्या प्रकारानुसार कमी-जास्त होतो, पण अंदाजासाठी चार पुरेसा आहे.

चौथा घात म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. दीड टन वजनाच्या मोटारीच्या एका आसावर पाऊण टन येते. ट्रकच्या आसावर १०.२ टन धरा. वजन साडेतेरा पट, पण नुकसान सुमारे ३४,००० पट! म्हणजे गावातल्या सगळ्या मोटारसायकली आणि मोटारी मिळून रस्त्याचे जे करणार नाहीत, ते काही मोजके ट्रक करतात.

जास्तीच्या वजनाचा हिशोब आणखी बोलका आहे. वजन दीडपट भरले तर नुकसान पाचपट. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगरकडच्या वाचकांना हे सांगायला नको. हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक कसे भरलेले असतात आणि हंगाम संपताना कारखान्याच्या वाटेवरचे रस्ते कसे दिसतात, हे त्यांनी पाहिलेले असते. २०१८ साली भारतात चार टायरच्या आसावरची कायदेशीर मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. वजन वाढले १३ टक्क्यांच्या आत. पण चौथ्या घाताने हिशोब केला तर तेवढ्यामुळे एका फेरीचे नुकसान ६० टक्क्यांहून अधिक वाढते. मालवाहतूक स्वस्त झाली हे खरे, पण तिच्या खर्चाचा एक भाग रस्त्याच्या खात्यावर गेला आणि तो वाढीव खर्च कोणी वेगळा मोजला नाही.

अमिरातीनेही हा प्रश्न अनुभवला आहे. इथे २०२३ मध्ये जड वाहनांच्या एकूण वजनावर ६५ टनांची कमाल मर्यादा घालण्यात आली. एतिहाद रेल्वेच्या मालगाड्या देशभर धावू लागल्या, तेव्हा खाणीचा दगड आणि कंटेनर यांचा काही भार रस्त्यांवरून रुळांवर गेला. रस्ता दुरुस्तीचे अंदाजपत्रक वाचवण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि त्यात डांबराचा एक थेंबही लागत नाही.

तिसरा शत्रू: ऊन आणि खालची जमीन

आज आपण ज्याला डांबर म्हणतो ते खनिज तेल शुद्ध केल्यावर उरणारे बिटुमेन असते. साधे बिटुमेन ५० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते. इथल्या उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६५ अंशांच्या पुढे जातो. मग जड ट्रकच्या वाटेवर डांबर दबून लांब खोलगट पट्टे पडतात. बैलगाडीच्या चाकांनी पडणारी चाकोरी ती हीच, फक्त डांबरात. म्हणून इथे जड वाहतुकीच्या रस्त्यांवर पॉलिमर मिसळलेले बिटुमेन वापरतात आणि हजर पर्वतातला कठीण, टोकदार खडा वापरतात, जेणेकरून दगड एकमेकांत अडकून राहतील.

खडीच्या बाबतीत महाराष्ट्रही नशीबवान आहे. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, कठीण तर आहेच, शिवाय त्याला डांबर चांगले चिकटते. क्वार्ट्झचे प्रमाण जास्त असलेल्या दगडावरून ओलाव्यामुळे डांबर सुटण्याचा धोका अधिक असतो.

जमिनीच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे कसोटी आहे. इथल्या किनारपट्टीवर 'सबखा' नावाची खारट जमीन आहे. वरून ती कडक दिसते. पण खारे पाणी अगदी जवळ असते, ते केशाकर्षणाने वर चढते आणि मीठ पातळ डांबराखाली स्फटिकरूपाने साचून रस्ता फुगवते. उपाय म्हणजे भराव उंच करणे आणि मध्ये जाड दगडांचा थर देणे. जाड दगडांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढू शकत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती याच्या उलट वागते. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा रस्ता तिच्यासोबत वर-खाली होतो. तिथे चांगला मुरूम पुरेशा जाडीने टाकणे किंवा मातीत चुना मिसळणे हा खर्च टाळला, तर वरच्या डांबरावर कितीही पैसे ओतले तरी ते पाण्यातच जातात.

आता पैशाचा हिशोब

रस्ता सरळ रेषेत खराब होत नाही. पहिली बरीच वर्षे तो हळूहळू उतरतो आणि चांगलाच दिसतो. मग भेगा पाणी पिऊ लागतात आणि थोड्या काळात तो झपाट्याने कोसळतो. कोसळण्याच्या आधी हात लावला तर खर्च थोडा, नंतर लावला तर कितीतरी पट. जागतिक बँकेने १९८८ साली ८५ विकसनशील देशांचा आढावा घेतला. त्याचा निष्कर्ष असा, की १२ अब्ज डॉलरपेक्षा कमी खर्चाची देखभाल वेळेवर केली असती, तर रस्ते नव्याने बांधण्याचे ४० ते ४५ अब्ज डॉलर वाचले असते.

हे आपल्या पातळीवर आणू. पुढचे आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत, पण तर्क खरा आहे. समजा एका तालुक्याकडे १०० किलोमीटर रस्ते आहेत: ६० चांगले, २५ मध्यम, १५ खराब. वर्षाला १०० लाख रुपये मिळतात. चांगल्या रस्त्याची देखभाल, म्हणजे चर साफ करणे, भेगा बुजवणे, किलोमीटरला अर्धा लाख. मध्यम रस्त्यावर नवा थर ५ लाख. खराब रस्ता नव्याने करायला २० लाख. देखभाल नसेल तर दरवर्षी चांगल्यांपैकी १० टक्के रस्ते मध्यम होतात, देखभाल असेल तर ५ टक्के. हात न लावलेल्या मध्यमांपैकी २० टक्के खराब होतात.

पहिली पद्धत: सर्वांत वाईट रस्ता आधी. शंभर लाखांत दरवर्षी ५ किलोमीटर नवे होतात, फीत कापली जाते. पण त्याच वर्षी मागच्या दाराने ५ किलोमीटर मध्यम रस्ता खराब होतो. चार वर्षांनी स्थिती: चांगले ५७, मध्यम २७, खराब १६. चारशे लाख खर्चून आपण होतो त्याच्या थोडे मागेच.

दुसरी पद्धत: आधी सगळ्या चांगल्या रस्त्यांची देखभाल, मग मध्यम रस्त्यांवर थर, उरले तर खराब. पहिल्या वर्षी ३० लाख देखभालीला, ७० लाखांत १४ किलोमीटर मध्यम रस्ते सुधारले. चार वर्षांनी: चांगले ८३, मध्यम ४, खराब १३. पैसे तेवढेच!

हे सगळे इतके स्पष्ट असेल तर कोणी करत का नाही? कारण दुसऱ्या पद्धतीत पहिल्या दोन वर्षांत खराब रस्ते कमी होत नाहीत, उलट १५ चे १७ होतात. लोक म्हणणार, "चांगल्या रस्त्यावर पैसे उधळता आणि आम्ही चिखलात!" शिवाय साफ केलेल्या चराचे उद्घाटन होत नाही.

आणि त्या लोकांचे म्हणणे खोटे नसते. त्या १७ किलोमीटरच्या टोकाला एखादी वाडी असते, तिथल्या बाळंतिणीला याच रस्त्याने दवाखान्यात जायचे असते. किलोमीटरच्या हिशोबात ती दिसत नाही. म्हणून जाणकार अभियंते दोन वेगळ्या याद्या करतात. पहिल्या यादीत वाडीला जाण्याचा एकमेव मार्ग असलेले रस्ते. ते लगेच गुळगुळीत होणार नसतील, पण बारमाही चालू राहिलेच पाहिजेत: मोऱ्या, फरशी, चढावर दगडी सोलिंग, बाकी मुरूम. हे डांबरीकरणापेक्षा खूप स्वस्त आहे. उरलेल्या रस्त्यांना दुसरी पद्धत. दोन वर्षे थांबायला सांगायचे असेल तर आजची वाट बंद पडणार नाही याची हमी आधी द्यावी लागते.

सगळे सिमेंटचेच का करू नये?

हा प्रश्न येणारच. काँक्रीट उन्हाने मऊ पडत नाही, पाण्याने सुटत नाही आणि नीट केले तर दोन-तीन दशके टिकते. गावठाणात, जिथे घरांचे सांडपाणी रस्त्यावर येते, तिथे ते योग्यच आहे. पण सुरुवातीचा खर्च जास्त, म्हणजे त्याच पैशांत कमी किलोमीटर. क्युरिंगला दिवस लागतात, आणि पाण्याची किंवा केबलची लाइन टाकायला ते एकदा फोडले की पूर्ववत जुळत नाही. आधी जमिनीखालची कामे, मग काँक्रीट, हा क्रम ज्या गावाला पाळता येतो त्याने जरूर करावे.

हमी आणि नजर

साहित्याइतकाच करारही रस्ता टिकवतो. पुण्याचा जंगली महाराज रस्ता हे आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १९७० च्या दशकात मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर केला आणि पुढे कित्येक दशके तो खड्ड्यांवाचून राहिला. दुरुस्तीचा खर्च बांधणाऱ्याच्याच खिशातून जाणार असेल, तर थराची जाडी आणि रोलरच्या फेऱ्या कमी करण्यात त्याचा फायदा उरत नाही. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत याच विचाराने बांधकामासोबत पाच वर्षांची देखभाल करारातच घातलेली असते.

मोजणीसाठीही फार पैसा लागत नाही. दुबईत लेझर आणि कॅमेरे लावलेल्या गाड्या रस्त्याच्या भेगा टिपत फिरतात. ब्रिटनच्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेने 'मर्लिन' नावाचे एक साधे उपकरण तयार केले. एक चाक, एक चौकट, एक हलता काटा आणि आलेखाचा कागद. तालुक्याचा वेल्डर ते बनवू शकतो, आणि त्याने रस्त्याचा खडबडीतपणा आकड्यांत मिळतो. आकडा असला की "आमचा रस्ता जास्त खराब" या भांडणाचे रूपांतर यादीत होते.

आपण काय करू शकतो?

परदेशातली मंडळी गावासाठी देणगी देतात, तेव्हा ती बहुधा वेशीवरच्या कमानीला जाते. कमान छान दिसते. पण पुढच्या वेळी कोणी विचारले तर मेच्या शेवटी, पावसाच्या आधी, चर आणि मोऱ्या साफ करण्याच्या मजुरीचा खर्च उचलून पाहा. ग्रामसेवकाला आणि ग्रामसभेत चार प्रश्न विचारा: हा रस्ता नेमका कोणाच्या ताब्यात आहे, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद की बांधकाम खाते? देखभालीची हमी किती तारखेपर्यंत आहे? चर कोणी बुजवले? यंदाच्या खर्चात देखभालीचा वाटा किती? ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर फलक असतो, त्यावर देखभालीची मुदत लिहिलेली असते. मुदत चालू असेल तर खड्डा भरणे हे ठेकेदाराचे काम आहे. 'मेरी सडक' ॲपवर फोटोसह तक्रार करता येते, आणि ती दुबईत बसूनही करता येते, गावातल्या कोणी फोटो पाठवला की झाले.

आणि मेमध्ये गावी जाल तेव्हा रस्त्याच्या मधोमध पाहू नका, कडेला पाहा. साइडपट्टी डांबरापेक्षा उंच दिसली, तर त्या रस्त्याचे पुढचे दोन पावसाळे कसे जाणार हे तुम्हाला खड्डा पडायच्या आधीच सांगता येईल. तेव्हा फावड्याने काम भागते.